दहा टक्के कोणाचे?

साठ, तीस, दहा हे आकडे आपल्या व्यवसायात नुकत्याच लागलेल्या साइट सुपरवायझरलाही पाठ असतात. मुख्य रंग ६० टक्के, जोडीचा ३०, उठावाचा १०. नियम चांगला आहे. पण हे टक्के नेमके कशाचे धरायचे, याचा विचार न करताच आपण शेडकार्ड उघडतो.

दहा बाय बाराची बेडरूम घ्या, उंची नऊ फूट. दारं-खिडक्या वजा न करता चार भिंतींचे ३९६ चौरस फूट, छताचे १२० आणि जमिनीचे १२०, असे एकूण ६३६ होतात. पलंगामागची बारा फुटी भिंत हायलाइट वॉल म्हणून गडद केली, तर ती एकटीच १०८ चौरस फूट, म्हणजे १७ टक्के भरते. पडदे, उश्या, चादरी घरात यायच्या आधीच उठावाचा वाटा संपलेला असतो. उलट छत आणि फरशी मिळून जवळजवळ ३८ टक्के जागा व्यापतात, आणि बिल्डरने घातलेल्या हस्तिदंती टाइल्सना आपण रंगांच्या हिशेबातच धरत नाही. सात बाय सातच्या वॉर्डरोबचा सनमायका आणखी ४९ चौरस फूट घेतो. तो बहुतेकदा रंग ठरल्यानंतर, वेगळ्या दिवशी, वेगळ्या दुकानात निवडला जातो.

शिवाय नुसतं क्षेत्रफळ पुरत नाही; रंगाला वजन असतं. बाउहाउसमध्ये शिकवणाऱ्या योहानेस इटेन यांनी गटेच्या आकड्यांवरून हे गणित मांडलं. शुद्ध पिवळा एक भाग असेल तर त्याला तोलायला जांभळा तीन भाग लागतो. नारिंगी एक भाग तर निळा दोन. लाल आणि हिरवा समसमान. हे प्रमाण रंग पूर्ण तेजात असतानाचं आहे, पांढरा मिसळला की बदलतं. तरी त्यातला मुद्दा रोजच्या कामाचा आहे: हळदी पिवळ्याची एक उशी जे काम करते, त्यासाठी निळ्याला त्याहून बरीच जास्त जागा लागते.

लहान खोलीत आणखी एक गोष्ट घडते. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग टाकतात आणि शेड कार्डापेक्षा गडद दिसते. म्हणून अनुभवी रंगारी एक पायरी फिकी शेड सुचवतो. त्याचं ऐकावं. नमुन्याचा पट्टा निदान दोन फूट रुंद मारावा, आणि तो दुपारी नव्हे तर संध्याकाळी, घरात जे दिवे लागणार आहेत त्याच दिव्यांत पाहावा.

उठावाचा वाटा आधी मोजावा, हे मी स्वतः चूक करून शिकले. एका वन बीएचकेच्या हॉलमध्ये मी मोरपिशी भिंत केली होती. फोटो सुंदर आले. सहा महिन्यांनी गेले तेव्हा घरातल्या आजी म्हणाल्या, "ताई, देवाचा फोटो कुठंही लावला तरी हरवतोय बघा." त्यांचं खरं होतं. लाल-सोनेरी तसबीर, नातवंडांची दप्तरं, दिवाणावरची गोधडी, खुंटीवरचे कपडे, सगळी त्या भिंतीशी भांडत होती. उठावाचे दहा टक्के त्या घराकडे आधीपासून होते. मी त्यांच्यावर माझे सतरा लादले होते.

जुन्या वाड्यांत चुन्याची पांढरी भिंत, राखाडी शहाबादी फरशी आणि सागवानी खांब असत. रंग माणसं आणि त्यांच्या वस्तू आणत. ती साधनांची मर्यादा होती हे मान्य, पण प्रमाण अचूक साधलेलं होतं.

पुढच्या साइटवर शेडकार्ड उघडण्याआधी कुटुंबाच्या सध्याच्या घरी जा. देवघर, पुस्तकं, पांघरुणं, खेळणी, जे जे नव्या घरात येणार आहे ते पाहा, फोटो काढा, त्यांचे रंग लिहून घ्या. भिंत, छत, फरशी आणि लाकूडकाम मिळून नव्वद टक्के बसवा. उरलेले दहा ड्रॉइंगमध्ये कोरे ठेवा.