जनुक-तपासणीतील ‘अनिश्चित’ या शब्दाचे काय करायचे?

स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगासाठी जनुक-तपासणी केली की काही रिपोर्टमध्ये असा निष्कर्ष येतो: ‘बीआरसीए-२ जनुकात बदल आढळला, अर्थ अनिश्चित.’ तो वाचून कुणी घाबरून शस्त्रक्रियेची तारीख विचारतात, तर कुणी रिपोर्ट कपाटात ठेवून देतात. माझ्या मते दोन्ही चुकीचे.

‘अनिश्चित’ म्हणजे घातक नव्हे आणि निर्धोकही नव्हे. त्या दिवशी पुरावा अपुरा होता, एवढाच त्याचा अर्थ. केवळ या निष्कर्षावर निरोगी अवयव काढू नयेत. कुटुंबात कर्करोग किती जणांना झाला, याचा विचार डॉक्टर स्वतंत्रपणे करतात.

पुरावा मात्र वाढत राहतो आणि तो कुणालाही पाहता येतो. अमेरिकेत १९८८ साली स्थापन झालेल्या ‘एनसीबीआय’ या सरकारी संस्थेने अनेक माहितीसाठे एकमेकांना जोडले आहेत. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो आणि संबंधित नोंदी त्या क्रमांकांनी जोडलेल्या असतात. त्यामुळे जनुकाच्या पानावरून त्याचे प्रथिन, ‘क्लिनव्हार’मधील बदलांच्या नोंदी आणि ‘पबमेड’मधील शोधनिबंध इथपर्यंत सहज पोचता येते, तेही मोफत.

नुसते जनुकाचे नाव शोधू नका. एकट्या बीआरसीए-२ मध्ये हजारो बदल नोंदलेले आहेत. रिपोर्टमधील इंग्रजी ‘सी’ अक्षराने सुरू होणारा संकेत जसाच्या तसा टाका. मग तीन गोष्टी पाहा: निष्कर्ष, तो शेवटचा कधी तपासला आणि त्यापुढील तारे. तारे शून्य ते चार असतात. तीन तारे म्हणजे तज्ज्ञ समितीने छाननी केली आहे. एकही तारा नसलेल्या ‘घातक’ शेऱ्याने घाबरू नका.

एक मर्यादाही आहे. जागतिक साठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती जास्त आहे. आपल्याकडे सर्रास आढळणारा निरुपद्रवी बदल तिथे दुर्मिळ दिसू शकतो आणि म्हणून ‘अनिश्चित’ ठरतो. दिल्लीच्या ‘आयजीआयबी’ने १,०२९ भारतीयांच्या जीनोमवरून तयार केलेला ‘इंडिजीनोम्स’ हा साठा म्हणूनच महत्त्वाचा आहे.

निष्कर्ष बदलला तर प्रयोगशाळेने रुग्णाला स्वतःहून कळवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ती पद्धत रुजेपर्यंत रिपोर्ट जपून ठेवा आणि वर्ष-दोन वर्षांनी डॉक्टरांना किंवा जनुकीय समुपदेशकांना विचारा, “यात काही बदलले का?” स्वतः शोधलेत तर सापडलेले पान त्यांना दाखवा, उपचाराचा निर्णय त्यांच्याशी बोलूनच घ्या.