पट्टी की किंमत?

'मीटर बसवल्याशिवाय लोकांना पाण्याची किंमत कळणार नाही' हे वाक्य परिसंवादांतून, अग्रलेखांतून आणि नगरपालिकांच्या सभांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की आता ते कुणी तपासून पाहत नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला पाण्याची किंमत कळत नाही असे ज्याला वाटते, त्याने एक तर हा जिल्हा पाहिलेला नसावा, किंवा पाहिला असला तरी उन्हाळ्यात पाहिलेला नसावा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतल्या कितीतरी गावांनी बोअरचे खारे पाणी पिऊन मूत्रपिंडाचे विकार अंगावर काढले आहेत. वान धरणावरच्या १४० गावांच्या योजनेचे पाणी अशा गावात पोचते तेव्हा त्याची किंमत समजावून सांगायला तेथे कुणा तज्ज्ञाची गरज नसते. घाटावर बुलडाणा शहरात येळगावच्या धरणात किती पाणी उरले, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. या लोकांना शिस्त नाही म्हणून मीटर हवा, हा युक्तिवाद अज्ञानातून आलेला असेल तर क्षम्य आहे. सोयीतून आलेला असेल तर नाही.

येथेच एक खुलासा करून ठेवतो. आमचा मीटरला विरोध नाही. मापून घ्यावे, मापून द्यावे आणि मापाप्रमाणे पैसे मोजावेत, यात गैर काही नाही. वाण्याच्या दुकानात आपण हेच करतो. पण तेथे तराजू दोघांच्या डोळ्यांसमोर असतो. आमचे म्हणणे एवढेच की पाण्याच्या व्यवहारात माप फक्त घेणाऱ्याच्या दारात बसवले जाते आणि देणाऱ्याच्या दारातली जागा रिकामी ठेवली जाते. अशा मापाला व्यवहार म्हणता येत नाही.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे, त्यामुळे शब्दांपासून सुरुवात करणे आम्हाला भाग आहे. 'पाणीपट्टी' या शब्दातली 'पट्टी' जुनी आहे. ती राज्यव्यवहाराच्या भाषेतून आली. शिवकाळात सिंहासनपट्टी होती, पेशवाईत कर्जपट्टी होती. पट्टी बसते आणि रयत ती भरते. भरल्याच्या बदल्यात आपल्याला नेमके काय मिळाले, असा प्रश्न त्या शब्दाच्या पोटातच नाही. पुढे कायद्यानेही हा भेद मानला. शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली कर आणि शुल्क यांतली रेघ आखून दिली: कराच्या बदल्यात विशिष्ट सेवा मागता येत नाही, शुल्काच्या बाबतीत मात्र काही मोबदला गृहीत असतो. मीटर आला की पट्टी जाऊन तिच्या जागी किंमत येते. नळधारक ग्राहक होतो, पाणीपट्टीचे 'देयक' होते. मग किमतीबरोबर किमतीची बंधनेही यायला हवीत. प्रत्यक्षात घडते ते असे: वसुलीच्या वेळी आपण ग्राहक असतो आणि तक्रारीच्या वेळी पुन्हा रयत होतो.

थोडे गणित करू. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटरचे प्रमाण धरले जाते. पाच माणसांच्या घराला म्हणजे रोज ६७५ लिटर, महिन्याला सुमारे २० हजार लिटर. आता जिल्ह्यातल्या एखाद्या गावात नळ आठव्या दिवशी येतात असे धरा. उन्हाळ्यात ही अतिशयोक्ती ठरत नाही. घरात हजार लिटरची टाकी आणि दोनशे लिटरचे दोन ड्रम असतील, तर साठवण झाली १,४०० लिटर. ती आठ दिवस पुरवायची म्हणजे दिवसाला १७५ लिटर, माणशी ३५. ग्रामीण घरांसाठी जलजीवन मिशनने २०१९ मध्ये ठरवलेल्या ५५ लिटरांपेक्षाही हे कमीच. या घराला उधळपट्टीचे धडे द्यायला निघालेल्या माणसाने आधी त्या ड्रमांत डोकावून यावे.

आणि हा मीटर मोजतो तरी काय? घरगुती जोडणीवरचा १५ मिलिमीटरचा यांत्रिक मीटर नळी पाण्याने पूर्ण भरलेली असेल असे गृहीत धरून बनवलेला असतो. 'ब' वर्गाच्या मीटरला भारतीय मानकाप्रमाणे तासाला ३० लिटरच्या पुढचा प्रवाह मोजता आला पाहिजे. कमी प्रवाहात पाच टक्के आणि नेहमीच्या प्रवाहात दोन टक्के एवढी चूक त्याला माफ आहे. पण आठ दिवस कोरड्या राहिलेल्या वाहिनीत पाणी सोडले की आधी हवा ढकलली जाते. मीटरच्या चकतीला हवा आणि पाणी यांतला फरक कळत नाही, ती फिरते. त्यात शेजारी टिल्लू पंप लावलेला असेल तर विचारायलाच नको. मापाचे यंत्र निर्दोष असूनही माप खोटे ठरते, कारण पुरवठाच त्या यंत्राच्या अटी पाळत नाही.

आमच्यापैकी एकाच्या घरी मीटर बसला तेव्हाची गोष्ट नमुन्यादाखल सांगतो. गावाचे आणि कार्यालयाचे नाव घेण्यात हशील नाही. ज्याने त्याने आपापले घालून वाचावे. अर्ज, घरपट्टीची पावती, अनामत रक्कम आणि परवानाधारक प्लंबरचा शोध एवढे झाल्यावर मीटर लागला. दुसऱ्याच देयकावर शेरा आला: 'मीटर बंद, सरासरी'. मीटर बंद नव्हता. वाचायला कुणी आले नव्हते. सरासरी कशाची, हे विचारल्यावर आधी भरा, मग अर्ज करा, असे सांगण्यात आले. भरले, अर्ज केला. दोन महिन्यांनी उत्तर आले की मीटर तपासण्यात आला, तो सुस्थितीत आढळून आला, सबब अर्ज निकाली काढण्यात आला. कुणी तपासला, कुठे तपासला, कशाशी ताडून पाहिला, यातले एकही अक्षर त्यात नव्हते. आणि सुस्थितीतल्या मीटरवर सरासरी का लावली, हा मूळ प्रश्न जागीच राहिला. मराठीचा कर्मणी प्रयोग शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला सापडलेले नाही. बसविण्यात आला, आकारण्यात आले, काढण्यात आला. क्रिया सगळ्या झाल्या. कर्ता कुठेच नाही.

हे अपरिहार्य आहे असे कुणी सांगू लागले तर त्याला विजेच्या बिलाकडे बोट दाखवावे. वीज कंपन्यांवर प्रेम करावे असे आमच्या जिल्ह्यात काही घडलेले नाही. तरीही २००३ च्या विद्युत कायद्याने वीजग्राहकाला गाऱ्हाणे निवारण मंच दिला, त्यावर विद्युत लोकपाल दिला. राज्य वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या पुरवठा संहितेत सदोष मीटरपोटीची दुरुस्ती मागच्या तीन महिन्यांपलीकडे नेता येत नव्हती. पाण्याचे काय? महाराष्ट्राने २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापले, पण ते ठरवते ते ठोक पाण्याचे दर. धरणातून नगरपालिकेने उचललेल्या पाण्याला दर लावणारी संस्था आहे. नगरपालिकेने घरात दिलेल्या पाण्याच्या बिलावर दाद लावणारा लोकपाल नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली नागरी संस्थांच्या ज्या सेवा अधिसूचित झाल्या, त्यांत नवीन नळजोडणी आहे, पाणी देयक तयार करणे आहे, नादुरुस्त मीटरची, दाबाची आणि गुणवत्तेची तक्रारही आहे. या यादीचा उपयोग प्रत्येकाने करावा, असे आम्ही आग्रहाने सांगू. पण ठरलेल्या दिवशी पाणी देणे ही सेवा मात्र त्या यादीत नाही.

न मिळालेल्या पाण्याचे पैसे घेण्याची रीत मीटरशिवायही चालते, हे शेजारच्या औरंगाबादने, आजच्या छत्रपती संभाजीनगरने, दाखवले आहे. तेथे २०१४ मध्ये पाणीपुरवठा खासगी कंपनीच्या हाती गेला आणि मीटरवरून, दरांवरून असंतोष माजल्यावर २०१६ मध्ये महापालिकेने तो करार मोडला. तरी दरवर्षी वाढत आलेली पट्टी तशीच राहिली. अर्ध्या इंची घरगुती नळाला वर्षाला ४,०५० रुपये, आणि पाणी कित्येक दिवसांआड. २०२२ मध्ये ती निम्म्यावर, २,०२५ रुपयांवर आणली गेली. सवलत मिळाली हे बरे झाले. पण ती राज्यकर्त्यांच्या मर्जीने मिळाली, ग्राहकाच्या हक्काने नव्हे. मर्जीने आलेली गोष्ट मर्जीने जाऊही शकते.

उलट बाजूचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे, आणि योगायोगाने त्याचे नाव आपल्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावासारखेच आहे. कराडजवळच्या मलकापुरात २००९ च्या सुमारास महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. तेथेही मीटर बसले, वापर वाढेल तसा चढत जाणारा दर आला. पण त्याबरोबर वाहिन्या बदलल्या, दाब राखला गेला आणि पाणी अखंड मिळू लागले. नळी भरलेली असते म्हणून हवेचे बिल येत नाही. पाणी केव्हाही मिळते म्हणून ड्रम भरून ठेवावे लागत नाहीत. आमच्याकडच्या मलकापूरने आणि इतर नगरपालिकांनी या योजनेतला फक्त मीटर उचलायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे, हा उद्योग म्हणजे प्रस्तावना फाडून किमतीचे पान तेवढे विकण्यासारखा आहे.

यावर सांगितले जाईल की नगरपालिकांकडे पैसा नाही, पंपांची वीजबिले थकली आहेत, आधी वसुली झाल्याशिवाय सुधारणा कशी होणार? अडचण खरी आहे. ती आम्ही नाकारत नाही. पण आमच्या मागण्यांना फारसा पैसा लागत नाही. धरणातून पाणी जेथे उचलले जाते तेथे आणि प्रत्येक जलकुंभाच्या तोंडाशी मीटर असावा आणि त्याचे आकडे दरमहा फलकावर लागावेत, म्हणजे गळती किती आणि ती कुणाच्या अंगणात, हे समजेल. देयकावर वापराच्या आकड्याशेजारी त्या काळात किती दिवस पाणी आले हेही छापावे. सरासरीने आकारणी करायची तर तिला महिन्यांची मर्यादा असावी आणि सरासरी कशी काढली ते तेथेच लिहावे. वादग्रस्त मीटरची तपासणी देयक देणाऱ्या कार्यालयाबाहेर व्हावी, आणि ती ग्राहकासमोर व्हावी. तक्रार प्रलंबित असताना जोडणी तोडू नये.

पुढच्या सभेत मीटरचा ठराव येईल तेव्हा आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला एवढेच विचारावे: टाकीवर मीटर आहे काय, आणि असला तर गेल्या महिन्याचा आकडा किती? उत्तर मिळाले तर आमच्या दारात मीटर खुशाल बसवा, आम्ही वेळेवर पैसे भरू. उत्तर मिळेपर्यंत त्या कागदाला देयक म्हणण्याचा अट्टहास कुणी करू नये. पाणीपट्टी हे जुने नावच त्याला शोभून दिसते.