दीड तासाचे अंतर

'पोरगा फोन उचलत नाही' ही तक्रार आमच्या भागात ज्या घरांतून ऐकू येते, त्यांतली बरीच घरे दुबई-शारजाहवाली असतात. आई रुसते, सून शंका घेते, आणि शेजारचा एखादा शहाणा माणूस सांगून मोकळा होतो की तिकडे पैसा दिसला की माणूस घर विसरतो. खरे पाहता पोराने फोन कापलेलाच नसतो. तो त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो.

संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲप आहे, पण अर्धे. लिहिलेला निरोप जातो, लग्नाचे फोटो जातात, बोलून भरलेला आवाजही जातो. मात्र फोनच्या खुणेवर बोट ठेवले की घंटा वाजते किंवा वाजल्यासारखी वाटते, पडद्यावर जोडणी चालू असल्याचे दिसत राहते आणि मग सारे गप्प होते. यात ना नेटचा दोष, ना मोबाइलचा. इंटरनेटवरून आवाजाची सेवा परवान्याशिवाय कोणी द्यायची नाही असा तिथला नियम आहे, आणि मोबाइलच्या कंपन्या मुख्यतः दोनच, एतिसलात आणि डू. परदेशात फोन लावण्यातून या कंपन्यांना मोठी कमाई होत आली आहे. सगळेच फुकटात बोलू लागले तर ती कमाई कुठून येणार, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. 2018 च्या सुरुवातीला बोटिम आणि सी-मी या दोन ॲपना परवानगी मिळाली, पण त्यासाठी महिन्याला 50 दिरहमचे वेगळे पॅक घ्यावे लागे. त्याच सुमारास स्काइप बंद झाले. हजार-बाराशे दिरहमवर राबणाऱ्या माणसाला घरच्यांचा चेहरा पाहण्यासाठी 50 दिरहम म्हणजे काय, ते ज्याचे त्यालाच ठाऊक.

आमच्याकडे काही मंडळी या बंदीचे कौतुक करतात. म्हणतात, तिकडे नेटवर घाण दिसत नाही, मुले बिघडत नाहीत. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. सौदी अरेबियात 1999 मध्ये सामान्य लोकांना इंटरनेट मिळाले तेव्हापासून रियाधच्या एका केंद्रातून गाळूनच ते पुढे जात असे, आणि अश्लील पाने अडवणे हे त्यामागचे उघड सांगितलेले कारण होते. वर्गातल्या मुलांच्या हातातले मोबाइल रोज पाहणाऱ्या आम्हाला त्याचे महत्त्व कोणी पटवून द्यायला नको. पण गाळणीची भोके किती बारीक ठेवायची हे ज्याच्या हातात असते, तो घाणीबरोबर आणखीही बरेच काही अडवतो. तिथे सरकारवर टीका करणारे लिखाण अडले, आणि आईची हाकही अडली. मुसलमानांचा देश आहे म्हणून तिथली प्रत्येक बंदी दीनासाठीच असणार, असे मानण्याचे कारण नाही. फोनच्या बंदीचा दीनाशी काय संबंध? ती धंद्याची आणि राज्यकारभाराची गोष्ट आहे. सौदीने 2017 च्या सप्टेंबरमध्ये इंटरनेटवरून बोलण्याच्या ॲपवरची बंदी उठवली, तीही अर्थव्यवस्थेला चालना म्हणून. व्हॉट्सॲपचे गाडे मात्र तिथेही त्यानंतर बराच काळ अडलेले होते.

ही अडचण आजची आहे, पण ताटातूट जुनी. 1970 नंतर खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धनकडची माणसे आखातात जाऊ लागली तेव्हा पत्राला पंधरा-वीस दिवस लागत. लिहिता न येणाऱ्या बायका शेजारच्या शिकलेल्या मुलीकडून पत्र लिहून घेत, आणि नवऱ्याला सांगायचे निम्मे शब्द त्या मुलीच्या लाजेने मनातच राहत. मग कॅसेट आल्या. सुट्टीवरून परत जाणाऱ्या माणसाबरोबर सुकी मासळी, लोणच्याची बरणी आणि एक कॅसेट पाठवायची. तिच्यात म्हातारीचा खोकला, कोंबड्यांचा आवाज, पोराने म्हटलेली शाळेतली कविता असे सगळेच भरलेले असे. त्यानंतर आयएसडीचे बूथ आले, तिथे डोळे मीटरच्या आकड्यांवर आणि कान बोलण्याकडे. त्या मानाने आज आवाज भरून पाठवणे ही मोठीच सोय आहे. पण कॅसेटच्या काळात पलीकडचा माणूस लगेच बोलेल अशी अपेक्षाच नव्हती. आज निळ्या खुणा दिसतात, 'आत्ता ऑनलाइन होता' हे दिसते, आणि तरी आवाज नाही. माणूस तितकाच दूर आहे. संशय तेवढा वाढला.

दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी, कुवेत आणि कतारचे अडीच तास. ऐकायला किरकोळ वाटते. पण बांधकामावरच्या माणसाचा दिवस मांडून पाहा. पहाटे उठायचे, डबा भरायचा, कंपनीची बस पकडायची. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घेता येत नाही, तेव्हा त्याला सावलीत बसायला मिळते आणि घरची आठवण येते. इकडे त्या वेळी दोन ते साडेचार झालेले असतात. मुलगी आमच्या वर्गात गणित सोडवत असते, आई जेवून आडवी झालेली असते. संध्याकाळी बस कॅम्पवर पोहोचते, मग न्हाणीघराची रांग, मग शेगडीची पाळी. एका खोलीत सहा-आठ जण, भांडी घासायचीही पाळी. तो जेवून बिछान्यावर टेकतो तेव्हा तिथे दहा वाजलेले असतात, इथे साडेअकरा. मुले झोपलेली. बोलायचे तर खोलीतल्या बाकीच्यांच्या देखत, नाहीतर जिन्यात उभे राहून. दफ्तरात काम करणाऱ्यांचे बरे असते. त्यांच्याविषयी इथे फार लिहीत नाही.

अशा माणसाला गावाकडून सल्ला जातो, 'अरे, व्हीपीएन टाक ना, सगळे टाकतात.' हा सल्ला देणारा इथे ओटीवर बसलेला असतो, हे ध्यानात घ्या. व्हीपीएन म्हणजे आपण आहोत एका देशात पण नेटला भासवायचे दुसऱ्या देशात. बँका आणि कंपन्या आपल्या कामासाठी ते कायदेशीरपणे वापरतात. पण गुन्ह्यासाठी किंवा गुन्हा झाकण्यासाठी वापरले तर अमिरातीच्या कायद्यात कैद आणि 5 लाख ते 20 लाख दिरहमपर्यंत दंड आहे. 2016 मध्ये ही दंडाची रक्कम वाढवली गेली. दिरहम 23 रुपयांचा धरला तरी कमीत कमी दंड एक कोटी पंधरा लाख होतो. बंद केलेली सेवा चोरवाटेने वापरणे त्यात बसते का, यावर वकील वाद घालोत, पण ज्याचा व्हिसा मालकाच्या हातात आहे त्याने तो वाद आपल्या अंगावर ओढून घेऊ नये. पुष्कळ लोक वापरतात आणि त्यांना काही होत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. ज्याला होते त्याच्यासाठी हे 'पुष्कळ' कामाला येत नाहीत. शिवाय फुकटचे व्हीपीएन ज्याच्या यंत्रातून जाते, तो तुमचे काय काय पाहतो हे कोण बघायला गेले आहे?

फुकटावरून आठवले. 2019 मध्ये टोटोक नावाचे एक ॲप तिथे झपाट्याने पसरले. त्यावर चित्रासकट बोलता येई आणि पैसेही लागत नसत. बाकी सारे बंद असताना हेच कसे चालते, असा प्रश्न थोड्यांनाच पडला. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बातमी दिली की हे ॲप अमिरातीच्या सरकारसाठी हेरगिरी करते. ॲपवाल्यांनी ते नाकारले, पण गुगल आणि ॲपल या दोघांनी ते आपल्या दुकानातून काढले. आमच्या ओळखीच्या एका घरात ही बातमी सांगितली तेव्हा म्हातारी म्हणाली, 'आमचं काय ऐकणार ते? भाताचा भाव?' आम्ही हसलो खरे, पण ज्या घरात आवाजच पोहोचत नाही तिथे कोण ऐकते याची काळजी मागे पडते, हेही खरे.

2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा आणि दफ्तरे घरात आली, तेव्हा अमिरातीने शिकण्या-कामासाठी झूम आणि टीम्ससारख्या सेवा मोकळ्या केल्या. आमच्या शाळेची पालकसभा त्या वर्षी झूमवर झाली. सातवीतल्या एका मुलीचे वडील शारजाहहून आले. आले म्हणजे पडद्यावर आले, पाठीमागे दुमजली लोखंडी पलंग आणि दोरीवर वाळणारे कपडे. सहा वर्षांत ते पहिल्यांदाच पालकसभेला होते. मुलीच्या हिंदीच्या गुणांवर त्यांनी दहा मिनिटे विचारपूस केली, आणि ती मुलगी मान खाली घालून फ्रॉकचा काठ मुरगाळत बसली होती. तंत्र होते, तारा होत्या, यंत्रे होती. फक्त परवानगी हवी होती.

त्याच साली 3 जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दापोलीवर आदळले. खांब पडले, टॉवर बंद झाले, कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. तिकडची माणसे बातम्यांत उडालेली कौले आणि मोडलेल्या नारळी-पोफळी पाहत होती, पण स्वतःचे घर उभे आहे का हे त्यांना कळत नव्हते. त्या वेळी अडसर तिकडचा नव्हता, इकडचा होता.

आणि इकडच्या बंद दारांविषयीही बोलले पाहिजे. काश्मीरमध्ये 2019 च्या ऑगस्टमध्ये फोन आणि नेट दोन्ही बंद झाले, वेगवान मोबाइल नेट सगळीकडे परतले ते 2021 च्या फेब्रुवारीत. राजस्थानात शिक्षकांच्या परीक्षेत नक्कल होऊ नये म्हणून 2021 मध्ये कित्येक जिल्ह्यांत मोबाइलचे नेट बंद ठेवले होते. आम्ही स्वतः परीक्षेवर पहारा देणारे असल्याने आम्हाला त्यावर काय बोलावे कळेना. सुट्टीवर आलेला मुलगा मुंबईत उतरतो तेव्हा त्याचे टिकटॉक बंद होते, कारण ते 2020 च्या जूनपासून आपल्याकडे बंद आहे. म्हणजे तिथे आईशी बोलता येत नाही आणि इथे नाच पाहता येत नाही, असा विनोद एकाने आम्हाला ऐकवला.

आता गावच्या जमातींना एक सांगायचे आहे, आणि ते जरा कळकळीने. मशिदीचे छप्पर, मदरशाची भिंत, कोणाचे ऑपरेशन, काहीही निघाले की पहिला निरोप आखातातल्या मुलांच्या ग्रुपवर जातो. 'तू तिकडच्या सगळ्यांकडून जमव' असे एकाच्या गळ्यात घातले जाते. अमिरातीत परवानाधारक संस्थेखेरीज कोणी वर्गणी गोळा करणे, नेटवरून तसे आवाहन करणे गुन्हा आहे. त्याला कैद आहे आणि दंड लाखो रुपयांत जातो. हेतू नेक असला तरी कायदा हेतू विचारत नाही. त्याने स्वतःच्या कमाईतून घरी पैसे पाठवावेत आणि घरच्यांनी इथे जमातीत द्यावेत, ही सरळ वाट आहे. तिथे बसून यादी करायला त्याला लावू नका.

तीच गोष्ट राजकारणाच्या निरोपांची. 2020 च्या एप्रिलमध्ये मुसलमानांविरुद्ध विखारी लिहिल्याबद्दल अमिरातीत काही भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा आपल्याकडे बरेच जण खूश झाले होते. पण अफवा, शिवीगाळ, परवानगीशिवाय काढलेला दुसऱ्याचा फोटो हे सारेच तिथल्या कायद्यात येते, आणि तो लिहिणाऱ्याचे नाव पाहून लागत नाही. गावातल्या भांडणात कोणाला तरी दिलेली शिवी शारजाहच्या खोलीतून पाठवली गेली तरी ती शारजाहचीच होते.

घरात आजारी माणूस असेल तर निरोपासाठी ॲपवर विसंबू नये. साधा फोन लावता यायला हवा. इथल्या कार्डावर आधी आयएसडीची सोय सुरू करून घ्यावी लागते, ती ऐन वेळी सुरू होत नाही. नंबर 00971 ने सुरू होतो. तो आईच्या हाताला लागेल असा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, आणि शेजारी मुलाच्या खोलीतल्या आणखी एखाद्याचा नंबर. मौतीची बातमी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्या दुसऱ्या माणसाला फोन करावा, म्हणजे कामावर पट्टा बांधून उंचावर उभा असताना ती त्याला वाचावी लागणार नाही.