संजाणचा मधुमती मुलांना भेटायला हवा

अरब आणि इस्लामी जगाची ओळख करून देणारी पुस्तके मराठी मुलांच्या हाती द्यावीत, असे म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो. त्यांची पुस्तके त्यांच्या मुलांसाठी आहेतच, आपल्या मुलांचे त्यावाचून काय अडले आहे? या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. आपण पुस्तक दिले नाही, तर या विषयावर मुलाची पाटी कोरी राहील आणि मोठेपणी ते स्वतःचे मत स्वतः बनवील, अशी ती समजूत. माझा आक्षेप नेमका या समजुतीवर आहे. नाशिकमधल्या दहा वर्षांच्या मुलाची पाटी या बाबतीत मुळीच कोरी नसते. चौथीच्या इतिहासात त्याला अफजलखान आणि शायिस्तेखान भेटलेले असतात. दिवाळीच्या सुटीत अलिबाबा आणि अल्लाउद्दीन भेटलेले असतात. उरलेली भर घरातल्या टीव्हीवरच्या युद्धाच्या बातम्या आणि मोठ्यांच्या मोबाइलवर येणारे निरोप घालतात. म्हणजे एकीकडे गालिच्यावरून उडणारा माणूस, दुसरीकडे तलवार घेऊन चालून येणारा माणूस, आणि या दोघांच्या मधे कोणीच नाही. शेती करणारा, शाळेत शिकवणारा, जहाज हाकणारा, आजीच्या औषधासाठी रांगेत उभा राहणारा मुसलमान मुलाच्या वाचनात येतच नाही. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साडेअकरा टक्के लोक मुसलमान आहेत. जुन्या नाशकात कोकणीपुरा आहे, जोगवाड्यातली बडी दर्गा आहे, आणि मोगल अमदानीत या शहराचे नावच गुलशनाबाद होते. अशा गावात वाढणाऱ्या मुलाच्या डोक्यात शेजाऱ्याचे चित्र तयार होणारच. ते कोणाच्या हातून व्हावे, एवढाच निर्णय आपल्याकडे आहे.

आता इतिहासाच्या पुस्तकाबद्दल. शिवचरित्र मुलांना शिकवू नये असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. अफजलखानाचा प्रसंग घडला आणि तो मुलांना कळला पाहिजे. अडचण आहे ती हा अनुभव एकटा असण्याची. इंग्रजांशीही आपण लढलो, पण इंग्रजांची दुसरी बाजू मुलाला शंभर वाटांनी कळते. त्यांची भाषा तो शिकतो, त्यांच्या परीकथा वाचतो, त्यांचे क्रिकेट खेळतो. त्यामुळे जालियनवाला बाग वाचूनही लंडनमधल्या प्रत्येक माणसाकडे तो डायर म्हणून पाहत नाही. मुसलमानांच्या बाबतीत त्याला ही दुसरी वाट मिळत नाही. इतिहासाचे पुस्तक आपले काम करते, पण शेजाऱ्याची ओळख करून देणे हे त्याचे कामच नाही.

अरेबियन नाईट्स पुरेसे आहे, असे म्हणणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांचे प्रेम खरे असते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी या गोष्टी मराठीत आणायला सुरुवात केली, विष्णुशास्त्र्यांनी ते काम पुढे नेले, आणि पुढे गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या आवृत्तीचे अनेक खंड मराठीत उतरवले. या परंपरेचा मराठीला अभिमान वाटावा. पण ज्या दोन गोष्टींवर आपली मुले अरबांची ओळख करून घेतात, त्या अल्लाउद्दीन आणि अलिबाबाच्या गोष्टी या संग्रहाच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आंत्वान गालाँ हा फ्रेंच विद्वान हा संग्रह भाषांतरित करीत होता. १७०९मध्ये त्याला पॅरिसमध्ये अलेप्पोचा हन्ना दियाब नावाचा तरुण भेटला. त्याने तोंडी सांगितलेल्या गोष्टींत या दोन होत्या, आणि गालाँने त्या आपल्या पुस्तकात घातल्या. अल्लाउद्दीन तर मुळात चीनमध्ये राहतो. हन्ना दियाब मुसलमान नव्हता. तो मारोनी ख्रिस्ती अरब होता. ही हकिकत बारा वर्षांच्या मुलाला सांगितली तर त्याची मजा कमी होणार नाही, वाढेल. शिवाय अरब म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे अरब, हा घोटाळाही तिथेच सुटेल. जगातले बहुसंख्य मुसलमान अरब नाहीत, आणि इजिप्त, लेबनॉन, सीरियात ख्रिस्ती अरब आजही राहतात. खांडेकरांनी ज्या खलील जिब्रानच्या रूपककथा मराठी घराघरांत पोचवल्या, तोही लेबनॉनचा ख्रिस्ती अरबच होता.

‘आधी आपली संस्कृती, मग परक्यांची’ हा आक्षेप मला सर्वांत कच्चा वाटतो, कारण तो करणाऱ्यांना आपल्याच संस्कृतीचा प्रवास ठाऊक नसतो. पंचतंत्र प्रत्येक मराठी मुलाच्या हाती असते. पण सहाव्या शतकात ते इराणात पहलवी भाषेत गेले, इ. स. ७५०च्या सुमारास इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत नेले, करटक आणि दमनक हे आपले दोन कोल्हे तिथे कलीला आणि दिमना झाले, आणि त्या अरबी पुस्तकावरून ते पुढे युरोपभर पसरले, हे त्याला कोण सांगते? आपले अंक बगदादच्या वाटेने युरोपात पोचले, हेही तसेच. परक्याचा म्हणून जो भाग आपण वगळतो, त्यातच आपल्या घरचा निम्मा हिशेब अडकलेला असतो.

आणि महाराष्ट्रापुरते पाहायचे तर परके हा शब्दच टिकत नाही. इ. स. ९१६च्या सुमारास अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी चौलला आला. तो चौलला सैमूर म्हणतो. तिथे राष्ट्रकूटांच्या राज्यात सुमारे दहा हजार मुसलमान वस्ती करून होते, ओमान, बसरा, सिराफ, बगदादकडून आलेले आणि इथेच जन्मलेले, असे त्याने लिहून ठेवले आहे. दहा वर्षांनंतरचा, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६चा एक ताम्रपट पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात चिंचणीला सापडला. तो संस्कृतात आहे. त्यात संजाणच्या प्रदेशावर राष्ट्रकूटांनी नेमलेला एक अधिकारी येतो. तो ताजिक म्हणजे अरब आहे आणि त्याचे नाव मधुमती असे दिले आहे. अभ्यासकांच्या मते ते मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. या मधुमतीने दोन प्रवाहांवर लोकांना फुकट पार नेणाऱ्या नावा ठेवल्या, आणि संजाणमध्ये अन्नछत्र घातले, जिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मोफत मिळे. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने देवीची मठिका बांधली, तेव्हा तिच्या खर्चासाठी राजाच्या संमतीने गाव आणि जमीन देणारा अधिकारी हाच होता. त्या राष्ट्रकूटांचा एक ताम्रपट आपल्या नाशिक जिल्ह्यातच, वणी-दिंडोरीला मिळालेला आहे. राष्ट्रकूट आपले, वेरूळचे कैलास लेणे आपले, मग त्यांनी नेमलेला संजाणचा अरब अधिकारी कोणाचा? त्या नावा, तो भात आणि ते तूप यांवर मुलांसाठी केवढे सुंदर चित्रपुस्तक होईल! हा पुरावा एपिग्राफिआ इंडिकाच्या खंडात विद्वानांसाठी छापलेला आहे. मुलांपर्यंत तो गेला नाही, याची मला मनापासून चुटपुट आहे.

अशी पुस्तके म्हणजे आडमार्गाने धर्मप्रचार, असाही संशय घेतला जातो. संशय घेणाऱ्या पालकाला मी हसत नाही. मुलाच्या हाती काय जाते हे त्याने पाहिलेच पाहिजे. पण प्रचार आणि ओळख यांतला फरक ओळखणे अवघड नाही. ‘हे खरे आहे, तूही मान’ असे म्हणणारे पुस्तक प्रचाराचे. ‘रमजानमध्ये तुझा वर्गमित्र दिवसभर पाणी पीत नाही, त्यामागे त्याच्या घरची ही समजूत आहे’ असे सांगणारे पुस्तक ओळखीचे. साने गुरुजींचे उदाहरण इथे पुरेसे आहे. १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ज्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली, त्याच गुरुजींनी मुहंमद पैगंबरांचे चरित्रही मराठीत लिहिले. ‘इस्लामी संस्कृती’ या नावाने ते पुस्तक आहे. त्यांच्या श्रद्धेला त्याने तडा गेला नाही आणि त्यांच्या वाचकांपैकी कोणाचा धर्म बदलला असेही ऐकिवात नाही. श्यामची आई आपण पिढ्यान्पिढ्या मुलांच्या हाती देतो. तिच्या लेखकाचे हे दुसरे पुस्तक मात्र किती शाळांच्या कपाटात असेल?

सर्वांत भक्कम आक्षेप मात्र याहून वेगळा आहे, आणि त्याला झटकून चालणार नाही. अशी पुस्तके गोडगोड असतात, असे काही सुजाण वाचक म्हणतात. त्यांत घुमट असतात, सुलेखन असते, बीजगणित असते; तलाक नसतो, धर्माच्या नावाने झालेली हिंसा नसते, मुलींच्या शाळांना लावलेली कुलपे नसतात. मुलांना अर्धे सत्य द्यायचे का? माझे उत्तर असे की नाही, देऊ नये, आणि पूर्ण सत्य सांगण्याची सामग्री आपल्याकडे इतरांपेक्षा जास्त आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि तोंडी तलाकाविरुद्ध दाद मागितली. १९७०मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. चौदा वर्षांच्या मुलीला त्या सात बायकांची गोष्ट सांगावी. तिला त्यातून अन्याय कळेल, आणि तो मोडायला त्याच घरातून कोण उभे राहिले हेही कळेल. बाहेरून केलेल्या निंदेत पहिली गोष्ट असते, दुसरी नसते. गोडगोड पुस्तकांत दोन्ही नसतात. लहान मुलांसाठीही हे जमते. २००३च्या युद्धात बसरा शहराच्या ग्रंथपाल आलिया मुहम्मद बेकर यांनी ग्रंथालय जळण्याआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मदतीने तीस हजारांच्या आसपास पुस्तके भिंतीपलीकडच्या उपाहारगृहात हलवली. जनेट विंटर यांनी २००५मध्ये त्यावर छोटे चित्रपुस्तक केले. त्यात बॉम्ब आहेत, आग आहे, भीती आहे, आणि सात वर्षांचे मूल ते समजू शकते. भीषण गोष्ट लपवावी लागत नाही. ती कोणाच्या डोळ्यांनी दाखवायची हे ठरवावे लागते.

गोडगोड पुस्तकांविरुद्ध माझी स्वतःचीही तक्रार आहे, आणि ती मुस्लिम वाचकांच्या बाजूने आहे. सलीम नावाचा गोरागोमटा मुलगा, डोक्यावर टोपी, ईदचा दिवस, शीरखुर्म्याची वाटी, आणि शेवटी शेजारच्या राजूची गळाभेट; एवढ्यावर पुस्तक संपते. या सलीमला अभ्यास नसतो, भांडण नसते, घरात पैशाची चणचण नसते. तो वर्षातून एकदा राजूच्या उपयोगासाठी दार उघडतो. मुस्लिम मुलाला अशा पुस्तकात आपण सापडत नाही. याच्या शेजारी प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ठेवून पाहा. तीही ईदचीच गोष्ट आहे. पण त्यातल्या हामीदच्या खिशात तीन पैसे आहेत, मित्र खेळणी आणि मिठाई घेतात तेव्हा त्याच्या जिवाची तगमग होते, आणि आजी अमीनाचे हात तव्याशी भाजतात म्हणून तो चिमटा विकत घेतो. ती वाचताना धर्माची ओळख करून घेतोय असे मुलाला वाटतही नाही. त्याच्या मनात हामीद राहतो आणि हामीदबरोबर ईद राहते. ओळखीची पुस्तके कशी असावीत याचे माप म्हणून मी या गोष्टीकडे पाहतो.

राहिला प्रश्न अशी पुस्तके लिहिणार कोण आणि घेणार कोण. २०२१च्या डिसेंबरात ३ ते ५ तारखांना नाशकात चौऱ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, शंभरेक किलोमीटरवरच्या मालेगावात राष्ट्रीय उर्दू पुस्तक मेळा भरला आणि तिथे कोटी रुपयांवर पुस्तके विकली गेली. यंत्रमागावर राबणाऱ्या गावाने ती घेतली. एकाच जिल्ह्यात, एकाच महिन्यात पुस्तकांचे हे दोन उत्सव झाले, पण एका मांडवातली पुस्तके दुसऱ्या मांडवात गेली नाहीत. मुस्लिम मराठी साहित्य संमेलने १९९०पासून भरत आली आहेत, म्हणजे मराठीत लिहिणारे मुस्लिम लेखक आहेत. मालेगावात उर्दू आणि मराठी दोन्ही उत्तम जाणणारे शिक्षक आहेत. प्रकाशकांनी त्यांच्याकडे जावे, ‘तुमच्यावर’ पुस्तक लिहायला इतरांना बसवण्याआधी त्यांना लिहायला सांगावे, आणि मानधनही नीट द्यावे.

पोचवण्याची सोयही नाशकातच आहे. १८४०पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय इथे आहे. २००९मध्ये विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानमार्फत सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेच्या पेट्या नाशकातून निघून थेट दुबईच्या मराठी घरांपर्यंत गेल्या आहेत. दुबईत वाढणारे मराठी मूल सकाळी अजान ऐकते, अरबी पाट्या वाचते, आणि घरी त्या पेटीतून मराठी पुस्तक काढते. त्या पुस्तकांत त्याच्या भोवतालचे जग कुठे आहे? इकडे लासलगावचा कांदा त्याच दुबईला जातो, आणि तो पिकवणाऱ्याच्या मुलीला तो कोणाच्या स्वयंपाकघरात फोडणीला पडतो हे ठाऊक नसते. या दोन मुलांसाठी एकच पुस्तक लिहिता येईल: चौलच्या बंदरापासून सुरू होणारे, संजाणच्या नावेतून पलीकडे नेणारे, मालेगावच्या मागांवर थांबणारे, दलवाईंच्या मोर्चातल्या सात बायकांची गोष्ट न टाळणारे आणि आखातातल्या आजच्या मराठी वस्तीपर्यंत येणारे. त्याची सगळी सामग्री छापील पुराव्यांत पडून आहे, आणि पुढच्या पेटीत त्याला जागा करता येईल.