परवडणारे पिस्तूल कोणाचे?

ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यात खांद्यावरच्या बंदुकीचे किंवा कमरेच्या पिस्तुलाचे कोणाला नवल वाटत नाही. शस्त्रपरवान्याला तेथे एवढी मागणी आहे की, प्रशासनाने त्याचा आमिषासारखा वापर करून पाहिला. शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात २००८ साली पुरुष नसबंदी करून घेणाऱ्यांचे अर्ज लवकर निकाली काढण्याची योजना आली. ग्वाल्हेरमध्ये २०१९ साली अर्जदारांनी आधी दहा रोपे लावावीत असा दंडक निघाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गोशाळेला दहा कांबळी देण्याची अट पुढे आली. या बातम्या वाचून हसू येते खरे. पण अर्जदाराच्या जिवाला वा मालमत्तेला खरोखर धोका आहे काय, हा कायद्याने विचारलेला प्रश्न अशा अटींमुळे मागे पडतो, याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

ज्याच्यापुरता हा प्रश्न खरा आहे, असा माणूस याच शहराच्या सराफा बाजारात बसलेला असतो. दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या तळावरून ज्या वस्तीला ‘लष्कर’ हे नाव पडले, त्या वस्तीत महाराज बाड्याजवळ ही सोन्याचांदीची पेठ आहे. दिवसभर लाखोंचा माल हाताळून रात्री घरी परतणारा सराफ हा शस्त्र नियम, २०१६ मधील तरतुदीचा जणू नमुनाच. व्यवसायाच्या स्वरूपामुळे जीवित वा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज असलेल्या व्यक्तीचा विचार परवाना देताना करावा, असे हे नियम सांगतात. म्हणून रोज जवळ बाळगता येईल असे लहान आणि परवडणारे पिस्तूल कोणते, ही त्याची विचारणा गैर म्हणता येत नाही. अडचण त्यापुढे सुरू होते.

अमेरिकेत हाच प्रश्न विचारणाऱ्याला तीन-चारशे डॉलरांत अनेक कंपन्यांची ९ मिलिमीटरची छोटी पिस्तुले मिळतात आणि मालकांची मते मूठ, चाप, वजन यांवर रंगतात. भारतात ९ मिलिमीटर हा सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर आहे. उरतात मुख्यतः .३२ आणि .२२. त्यांतले .३२ चे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्राउनिंगने आपल्या पिस्तुलासाठी आखलेले. परदेशी शस्त्रांची आयात ऐंशीच्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला जवळपास बंदच झाली, त्यामुळे पूर्वी आलेली जुनी पिस्तुले हातोहात फिरत राहिली आणि त्यांच्या किमती मूळ किमतीशी काही नाते न ठेवता लाखांत गेल्या.

सरकारी आयुधनिर्माणीचा माल हाच दीर्घकाळ एकमेव नवा पर्याय होता. ईशापूरचे .३२ ‘अशनी’ पिस्तूल आणि कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर ही त्यांतली परिचित नावे. दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, २०१४ साली कानपूरने ‘निर्भीक’ हे सुमारे पाचशे ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून आणले. किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. नोकरदार स्त्रीचे कित्येक महिन्यांचे वेतन त्यात जाणार, हे किंमत ठरवणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे. पुढे ‘निडर’ नावाचे .२२ चे, सुमारे अडीचशे ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर आले. ते स्वस्त आणि हलके होते, पण इतक्या लहान काडतुसावर जीव सोपवावा काय, ही शंका मागे उरली. २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने २०२३ साली ‘प्रबल’ हे रिव्हॉल्व्हर काढले आणि त्याचे चक्र बाजूला उघडते, एवढ्याच गोष्टीची मोठी जाहिरात केली. जुन्या धाटणीत गोळ्या भरण्यासाठी रिव्हॉल्व्हर मधोमध मोडावे लागे. जगाने फार पूर्वी अंगीकारलेली सोय आपल्याकडे २०२३ मध्ये नावीन्य ठरते, यावरून मालकांच्या तक्रारी कोणत्या असतील ते ताडता येते. चाप जड, घडण ओबडधोबड, काडतुसे महाग आणि तीही परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच.

कायदेशीर शस्त्र लाखाच्या घरात गेले की ‘परवडणारे’ हे विशेषण आपोआप बेकायदा शस्त्राकडे जाते. चंबळचा कट्टा आणि बडवानी-खरगोनकडून महाराष्ट्रात उतरणारी गावठी पिस्तुले यांना ना परवाना लागतो, ना पोलीस अहवालाची प्रतीक्षा. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना शस्त्र बाळगण्याची किमान शिक्षा दोन वर्षांवर नेली, तरीही हा पुरवठा आटला नाही. ग्वाल्हेरला या व्यवहाराचा इतिहासही आहे आणि मराठी वाचकाला तो टाळता येत नाही. जानेवारी १९४८ च्या अखेरीस नथुराम गोडसे आणि नारायण आपटे याच शहरात येऊन गेले, आणि ३० जानेवारीला गांधीजींवर झाडलेले बेरेटा पिस्तूल त्यांना येथेच मिळाले. कमरेला सहज लपणारे ते सैनिकी पिस्तूल होते. ते हातोहात फिरत पोहोचले. कोणत्याही कचेरीत त्याची गरज कोणी विचारली नव्हती.

मग सरकारने पिस्तुले स्वस्त करावीत काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. सराफाच्या दुकानात शिरणारे दरोडेखोर बहुधा तिघे-चौघे असतात आणि त्यांची शस्त्रे आधीच हातात असतात. अशा वेळी म्यानात बंद असलेले पिस्तूल बाहेर काढून गर्दीच्या पेठेत अचूक गोळी झाडणे, हे नियमित सराव असलेल्या पोलिसालाही अवघड. आपल्या परवानाधारकाला सरावासाठी मैदाने थोडी आणि काडतुसे मोजकी. २०१६ च्या नियमांनी प्रशिक्षणाची अट घातली. ते प्रशिक्षण प्रमाणपत्राच्या कागदापुरते उरू न देणे अधिक गरजेचे आहे. पेठेचा सामायिक पहारा, धोक्याची घंटा, मालाचा विमा, दुकान बंद होण्याच्या वेळेची पोलीस गस्त यांवर खर्च केलेला रुपया पिस्तुलावरच्या रुपयापेक्षा अधिक काम करतो. निर्जन रस्त्याने एकट्याने जाणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी. तेथे पिस्तुलाचा काही धाक असेलही. पण मग मागणी नेमक्या धोक्याच्या नोंदीवर तपासली जावी, ऐपतीवर नव्हे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे १९५९ चा शस्त्र अधिनियम स्पष्ट सांगतो.

प्रतिष्ठेचा भाग यात मोठा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र म्यानात आणि पूर्णपणे झाकलेले असावे, असा नियम आहे. लग्नाच्या वरातीत ते हवेत उडवणाऱ्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. झाकून ठेवायच्या वस्तूसाठी रोपे लावणाऱ्यांची रांग लागत असेल, तर ती वस्तू कोणाला तरी दाखवायची आहे, असाच तर्क निघतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या राज्यघटनेत नाही, याची आठवण दिली होती.

गोव्यातल्या वाचकाला हे सारे दूरचे वाटेल. आपल्याकडे बंदूक म्हटली की रानडुकरांपासून बागायत राखणारा शेतकरी आठवतो, आणि पीकरक्षणाचा परवाना हा प्रकारच निराळा. परंतु पणजी, म्हापसा, मडगावच्या सराफांनीही आत्मरक्षणाच्या परवान्याचा विचार करताना एक बाब पाहून घ्यावी. परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. राज्यापुरता परवाना असलेला ग्वाल्हेरचा व्यापारी चंबळ ओलांडून धौलपूरला पोहोचला की त्याचे पिस्तूल बेकायदा ठरते. पणजीच्या व्यापाऱ्याला त्यासाठी पत्रादेवी किंवा पोळे गाठणे पुरेसे आहे. आपला माल तर बेळगाव आणि मुंबईहून येतो. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे जमा करावी लागतात, ती कोणाची जमा करावीत हे ठरवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत छाननी समित्या आल्या. सवलत हवी असलेल्या सराफाला त्या समितीपुढे आपला धोका नव्याने मांडावा लागतो, आणि तोवर लाखभर रुपयांचे ते पिस्तूल पोलीस ठाण्यात पडून राहते.