कर कोणी भरावा?

एम. कॉम.चा विद्यार्थी कर हा विशेष विषय घेतो, तेव्हा विवरणपत्रे, वजावटी आणि करनियोजन यांत तो तरबेज होतो. (करनियोजन हे कायद्याच्या चौकटीत राहून कर वाचविण्याचे सभ्य नाव!) कर कोणी भरावा, हा प्रश्न कडेलाच राहतो. निकोलस कॅल्डॉर यांनी १९५६ साली सुचविलेला संपत्तिकर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द झाला. मृताच्या मालमत्तेवरील संपदाशुल्क १९८५ मध्येच गेले होते. २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या देशी कंपन्यांचा मूळ दर २२ टक्क्यांवर आला. साबणाच्या वडीवर मात्र मजूर आणि कारखानदार सारखाच कर भरतात. करभाराचे हे वर्गवार वाटप अभ्यासक्रमात यावे, अशी मागणी कार्यकर्त्यांनी विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांपुढे नेली पाहिजे.