पुण्य सुनेला, सुटका सरकारला

ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातील नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते आणि मुकादमाची उचल त्या जोडीवर मिळते. सासऱ्याला स्मृतिभ्रंश झाला की सून गावी राहते, कोयता अर्धा होतो, उचलही घटते. या हिशेबाकडे समाज पाहत नाही. तो तिच्या सेवेला पुण्य म्हणतो आणि मोकळा होतो.

तिची श्रद्धा खोटी नाही. मुलाचे नाव विसरलेला म्हातारा हरिपाठ मात्र न अडखळता म्हणतो. लहानपणापासून तालावर घोटलेले शब्द स्मृतीत दीर्घकाळ टिकतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. तिला त्यात विठ्ठल दिसतो आणि त्या आधारावर ती रात्री काढते. तिची टवाळी करणाऱ्या पुरोगाम्याने आधी एक रात्र तिच्या जागी जागून पाहावे. मात्र या रोगाला ‘बाहेरची बाधा’ ठरवून पैसे उकळणाऱ्या देवऋषाला क्षमा नाही.

तिच्या शोकाला विधीही नाही. माणूस गेला तर दहावा असतो, तेरावा असतो, सांत्वनाला चार माणसे येतात. समोर बसलेला माणूसच हरवला तर कोण येणार? गाव ‘म्हातारचळ’ म्हणून हसते. शोकही तिने राबता राबता एकटीनेच करायचा!

आणि सरकार? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आहे. २००७ च्या कायद्याने वृद्ध आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड ठेवला. जबाबदार धरला मुलगा, राबते सून. कर्तव्य चुकल्यास शिक्षा आहे, कर्तव्य करणारीला मात्र एक पैसाही नाही. केरळने अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून दरमहा ६०० रुपये ठरविले. रक्कम तुटपुंजी आहे. पण शुश्रूषा हे श्रम आहेत, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. महाराष्ट्राने ते का मानू नये?

श्रद्धा बळ देते. बुडालेली मजुरी ती भरून देत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी ऊसतोड मजुरांच्या दरवाढीच्या मागणीबरोबर तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत : प्राथमिक आरोग्य केंद्रात स्मृतिभ्रंशाची तपासणी, घरी शुश्रूषा करणाऱ्यांना भत्ता आणि हंगामात गावोगाव अशा वृद्धांसाठी दिवसभराची सोय. सुनेने देवाकडे काय मागावे हा तिचा प्रश्न. सरकारकडून तिचा हक्क मिळविणे हे चळवळीचे काम आहे.